चाळीतल्या संडासाची हवा



आपण परळमध्ये जमलो आहोत. इथल्याच जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये १८९९ साली हाफकिन यांची प्लेगची प्रयोगशाळा आली. जंतूंची आणि या भागाची ओळख जुनी, म्हणून विषय संडासाचा असला तरी नाक मुरडू नका.

आमच्या लालबागच्या चाळीत मजल्यावर सामाईक संडास. रमजानमध्ये सेहरीच्या आधी बायकांची रांग लागायची. खिडकीतून कुणी डोकावतं म्हणून खालाने तिथे पुठ्ठा ठोकला. सगळ्यांनी तिला शाबासकी दिली, मीसुद्धा. पुढे मजल्यावर एकाला टीबी निघाला. लोकांनी त्याला संडासात यायची बंदी केली. पुठ्ठा मात्र तसाच राहिला!

टीबी संडासाच्या भांड्यातून लागत नाही. रोगी खोकला की अगदी बारीक कण उडतात आणि कोंडलेल्या जागेत तासन्‌तास तरंगतात. संडासात माणूस पाच मिनिटं असतो, खरा धोका घरच्या बंद खोलीत. औषधं लागू पडली की काही आठवड्यांत रोग पसरवण्याची शक्यता खूप कमी होते. पण बंदीच्या भीतीने माणूस आजार लपवतो, औषधंही लपूनछपून घेतो. मला ती बंदी आजही टोचते.

विष्ठेतल्या जंतूंचं वेगळं. फ्लशच्या झोतातून उडालेले तुषार जंतू घेऊन बाहेर येतात, हे चार्ल्स गर्बा यांनी १९७५ मध्ये दाखवलं. आपल्या भांड्याला झाकण नसतं. तेव्हा बादली उंचावरून ओतू नका.

२००३ मध्ये हाँगकाँगच्या अमॉय गार्डन्स इमारतींत तीनशेहून जास्त लोकांना सार्स झाला. तपासात संशय गेला न्हाणीघराच्या जाळीखालच्या वाकड्या नळीवर. तिच्यातलं पाणी सुकलं होतं आणि पंखा गटाराची हवा आत ओढत होता.

हे कोकणातल्या आपल्या घरांनाही लागू आहे. शोषखड्ड्याच्या संडासात जेमतेम २० मिलिमीटर पाणी वास आणि हवा अडवतं. घर महिनोन्‌महिने बंद, मग ते सुकणारच. ईदला गावी गेलात की आधी दार-खिडकी उघडा, भांड्यात आणि मोरीत पाणी ओता, थोडा वेळ थांबा.

आणि खालाचा पुठ्ठा? तो काढा, असं मी कुठल्याही बाईला सांगणार नाही. तिची भीती खरी होती. झरोका डोक्याच्या वर, छताजवळ हवा, तिरप्या पट्ट्यांचा. पुढच्या दुरुस्तीच्या बैठकीत मुलींनी हे स्वतः मांडावं. बैठकीला मुलींना बोलावत नाहीत, ठाऊक आहे. न बोलावता जा.