पहिली मोटार आणि तिचा विमा
(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



या विषयावर बोलण्याची आज्ञा चिटणीसांनी केली तेव्हा मी त्यांना म्हटले, की मी जुन्या अकरावीचा मॅट्रिक, सारी हयात मुलांना त्रैराशिक शिकविण्यात गेली. मोटारीतले मला काय कळणार? त्यावर ते म्हणाले, "मोटारीतले नकोच, हिशेबातले सांगा." तेव्हा हिशेबापुरताच मी येथे उभा आहे.

आपल्या ज्ञातीतील अनेक घरी अलीकडे पहिली मोटार आली आहे. मुलगा नोकरीत कायम झाला, की वर्षाच्या आत दारापुढे गाडी उभी राहते. नवश्या गणपतीपुढे तिची पूजा होते, लिंबू-मिरची बांधली जाते, पेढे वाटले जातात. रंग कोणता घ्यावा यावर घरात आठवडाभर खल चालतो; विमापत्रावर मात्र दुकानातील मनुष्य बोट ठेवील तेथे आपण सही करून मोकळे होतो. किल्ली हाती पडण्याच्या आनंदात तो कागद वाचण्याचे भान कोणास राहावे?

विम्याचे दोन भाग असतात. पहिला तिऱ्हाइताचा, ज्यास सर्वजण थर्ड पार्टी म्हणतात. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १४६ प्रमाणे तो प्रत्येक गाडीस सक्तीचा आहे. आपल्या गाडीखाली कोणी सापडला, तर त्याच्या कुटुंबास न्यायाधिकरण जी भरपाई ठरवील ती या विम्यातून दिली जाते. दुसरा भाग आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा. हा ऐच्छिक आहे. दोन्ही एकत्र घेतले, की बाजारात त्यास फर्स्ट पार्टी म्हणतात.

आता गंमत पाहा. तिऱ्हाइताचा हप्ता गाडीच्या किमतीवर नसतो, चालकाच्या वयावरही नसतो; तो इंजिनाच्या आकारावर सरकार ठरविते. इंग्लंडात वीस वर्षांच्या पोराने गाडी घेतली, की त्याच्या वयाकडे पाहूनच विमा कंपनी हप्ता चढविते. आपल्याकडे या भागापुरते तसे नाही. १ जून २०२२ पासून जे दर लागू झाले त्यांत १००० सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीस वर्षाला २,०९४ रुपये, १००० ते १५०० सीसीपर्यंत ३,४१६ रुपये आणि त्यापुढे एकदम ७,८९७ रुपये असे तीन टप्पे होते. विजेच्या मोटारीस या भागात १५ टक्के सूट होती. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या मोटारीचा हा विमा तीन वर्षांचा एकदम घ्यावा लागतो. त्याच दरपत्रकात तीन वर्षांचे एकत्रित हप्ते ६,५२१, १०,६४० किंवा २४,५९६ रुपये असे होते. खरेदीच्या दिवशी चालू दर विचारून घ्यावेत, पण टप्पे ध्यानात ठेवावेत.

यावरून उघड होते, की आल्टो के१० किंवा वॅगन आर यांचे ९९८ सीसीचे इंजिन पहिल्या टप्प्यात बसते. टियागोचे ११९९ सीसीचे दुसऱ्यात जाते. आपल्या सातपूरच्या कारखान्याचा आम्हा नाशिककरांस अभिमान. तेथली बोलेरो १४९३ सीसीची असल्याने दुसऱ्या टप्प्यात राहते, आणि स्कॉर्पिओ दोन हजार सीसीच्या वर असल्याने तिसऱ्यात पोहोचते. १९८३ साली निघालेली मारुती ८०० ही तर ७९६ सीसीची होती. आपल्यापैकी कित्येकांचे हात त्याच गाडीवर बसले.

स्वतःच्या गाडीच्या विम्याचा हप्ता मात्र तिच्या घोषित किमतीवर बेततो. ही किंमत दरसाल उतरत जाते: पहिल्या सहा महिन्यांत ५ टक्के, वर्षभरात १५, दोन वर्षांत २०, तीन वर्षांत ३०, पाच वर्षे होईतो निम्मी. येथे एक सापळा आहे. कंपनीचा किंवा एजंटाचा मनुष्य म्हणतो, "काका, तुमचा हप्ता हजार रुपयांनी कमी करून देतो," आणि तो खरोखरच कमी होतो. कारण त्याने गाडीची किंमतच कागदावर पाऊण लाखाने खाली उतरविलेली असते. गाडी चोरीस गेली, की हातात तीच कमी किंमत पडते. स्वस्त विमा आणि कमी विमा यांत मला सारखाच फरक दिसतो, जो वाण्याचा भाव उतरणे आणि त्याचे माप खोटे असणे यांत आहे.

सवलतींपैकी खरी मोलाची एकच, ती म्हणजे दावा न केल्याची. पहिल्या वर्षानंतर २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के. या बाबतीत माझीच फजिती सांगतो. तीन वर्षे मी काही मागितले नव्हते. मूळ हप्ता ८,००० धरला तर ३५ टक्के वजा जाता मी ५,२०० भरीत होतो. चौथ्या वर्षी फाटकाला घासून दार चेपले, दुरुस्ती ४,००० ची. मी मोठ्या ऐटीत दावा केला. सक्तीचे १,००० माझ्या पदरचे गेले, ३,००० मिळाले. पुढच्या वर्षी सवलत शून्य! दावा नसता केला तर ४५ टक्के सवलतीने ४,४०० भरले असते, भरले ८,०००. एका वर्षातच ३,६०० गेले, आणि पुढली वर्षे पुन्हा २० टक्क्यांपासून चढण. छत्तीस वर्षे गणित शिकविलेल्या माणसाने हे करावे! सौभाग्यवतीने तो हिशेब अद्याप विसरू दिलेला नाही.

पण माझ्या पुतण्याचे जे झाले ते हसण्यासारखे नाही. त्याने नाशिकरोडच्या एका गृहस्थाकडून जुनी गाडी घेतली. विमा अजून आठ महिने होता, म्हणून तो निश्चिंत. गाडी नावावर झाली, विमापत्र मात्र मूळ मालकाच्याच नावे राहिले. तिसऱ्या महिन्यात सिन्नरहून येताना मोहदरी घाटात दुभाजकावर आपटला. देवाच्या कृपेने तो वाचला, दुरुस्ती ६२,००० झाली, आणि कंपनीने एक पैसा दिला नाही. गाडी हस्तांतरित झाल्यावर तिऱ्हाइताचा विमा कायद्यानेच नव्या मालकाकडे जातो. परंतु स्वतःच्या नुकसानीचा जात नाही. त्यासाठी चौदा दिवसांच्या आत कंपनीस कळवून नाव बदलून घ्यावे लागते. शिवाय आधीच्या मालकाची सवलत ही त्या माणसाची असते, गाडीची नव्हे. तो फरक नव्या मालकास भरावा लागतो. बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेल्या पैशांतून त्या पोराने गॅरेजचे बिल भागविले. विमापत्र मी एकदा पाहावयास मागितले असते तर? पण मीही त्या दिवशी पेढाच खाल्ला.

पुराविषयी एक शब्द. २०१६ च्या ऑगस्टात गोदावरी दुतोंड्या मारुतीवर चढली ते आपण पाहिलेच आहे. नदीकाठी उभ्या गाडीत पाणी शिरले, तर नुसत्या थर्ड पार्टीत काहीच मिळत नाही. आणि पूर्ण विमा असूनही, पाण्यात उभी गाडी किल्ली फिरवून सुरू करण्याचा प्रयत्न केला व त्यामुळे इंजिन फुटले, तर निराळे इंजिन-संरक्षण घेतल्यावाचून कंपनी बहुधा ते देत नाही. तेव्हा किल्लीस हात लावू नये. गाडी ओढून न्यावी.

आणखी एक गोष्ट वडिलांनी ऐकावी. अठरा वर्षे पूर्ण न झालेल्या मुलाच्या हाती किल्ली दिली, तर २०१९ च्या दुरुस्तीप्रमाणे पालकास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊ शकतो. आणि न्यायाधिकरणाने कंपनीस भरपाई द्यावयास लावली तरी ती मालकाकडून वसूल करण्याची मुभा मिळते. ही रक्कम लाखांत असते. तेथे राहते घरही पुरत नाही.

बस्स, माझा वेळ संपला, चिटणीस घड्याळ दाखवीत आहेत. ज्यांनी आपली विमापत्रे बरोबर आणली असतील त्यांनी चहानंतर मागच्या खोलीत यावे. चष्मा मी आणला आहे, आपण मिळून वाचू.