पानठेल्यावर कोण जातं?

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझं शिक्षण सातवीपर्यंतचं. भाषणाची सवय मुळीच नाही. घरात जे घडलं तेवढंच सांगते. चुकलं तर सांभाळून घ्या.

आधी जरा तीन बोटं जुळवून उभी तोंडात घालून पाहा. हसू नका! निरोगी मोठ्या माणसाची ती सहज जावीत. माझा धाकटा नववीत आहे. गेल्या पावसाळ्यात त्याची दोनच गेली.

आमच्या घरी झणझणीत खाणारं तेच एक पोर. पण सांबारवडीसुद्धा नको म्हणू लागलं, तोंडात आग होते म्हणे. मला वाटलं, उष्णता झाली. सब्जा दिला, गुलकंद दिला. मग एक दिवस पँट धुवायला घेतली तर खिशात खर्‍याची पन्नी! मी रागानं थोबाडीत दिली. तो रडला नाही. एवढंच म्हणाला, “आई, बाबांसाठी आणायला तूच तर पाठवायचीस.”

खरं होतं ते. पाचवीत असल्यापासून मीच त्याच्या हातावर पैसे ठेवत होते. ठेलेवाला घोटून देईपर्यंत पोर तिथं उभं. पहिली चिमूट त्यानं तिथंच चाखली.

मेडिकलजवळच्या दातांच्या सरकारी दवाखान्यात त्याला नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, सुपारीनं गालाच्या आतली कातडी पांढरी, ताठ होत जाते आणि जबडा आवळतो. खर्‍यात सुपारीबरोबर तंबाखू आणि चुनाही असतो. पुढं काहींना त्यातूनच कॅन्सर होतो. सोडलं तर वाढ थांबते, पण गेलेलं सगळं परत येत नाही. (सुपारी तर देवाची, असं मला एकीनं ऐकवलं. देवाची आहे ना, मग ताम्हनात राहू दे.)

मी विचारलं, “बाई, एवढा हुशार मुलगा, याला कळत कसं नाही?” त्यांनी सांगितलेलं मी घरी येऊन चारचौघींना सांगत सुटले. वयात येताना मेंदूतला मजा मागणारा भाग आधी जोर धरतो. थांब, पुढचं बघ, असं म्हणणारा कपाळामागचा भाग मात्र पंचविशीपर्यंत तयार होत असतो. म्हणजे चुलीवर दूध चढवलंय, आच मोठी, आणि लक्ष ठेवणारं माणूस अजून घरी यायचं आहे. त्यात सोबती जवळ असले की आच आणखी मोठी. तंबाखूतलं निकोटीन अशा कोवळ्या मेंदूत लवकर घर करतं. कोवळ्या वयात लागलेली सवय मोठेपणी सोडणं म्हणूनच जास्त जड जातं. हे ऐकताना मला यांची आठवण झाली. यांनाही चौदाव्या वर्षीच लागला होता.

तेव्हा ‘वळण बिघडलं’ असं कोणी म्हटलं की आता मला राग येतो. वळण आम्हीच दाखवलं, पानठेल्याचं.

कायदे आहेत. २००३ च्या कायद्यानं १८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकता येत नाही, आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत तर कोणालाच विकता येत नाही. गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२ मध्ये बंदी आली. २०१५ च्या बालन्याय कायद्यात मुलाला तंबाखू देणार्‍याला सात वर्षांपर्यंत कैद आणि लाखापर्यंत दंड सांगितला आहे. देणार्‍याला, बरं का! मी ते ऐकलं आणि पदर तोंडाला लावून बसले. मी तर पैसे देऊन पाठवत होते.

घरी भांडण झालं, ते सांगत नाही. शेवटी हे म्हणाले, “त्याच्याबरोबर मीही सोडतो.” १८००-११-२३५६ या सरकारी फोनवर यांनी स्वतः बोलणं केलं, पैसे पडत नाहीत. यांचं दोनदा मोडलं, तिसर्‍यांदा धरलं आहे. पोराचंही एकदा मोडलं. त्यानं ते आपण होऊन मला सांगितलं, म्हणून या खेपेस मी हात उगारला नाही.

आता दोघे सकाळी आरशापुढं उभे राहून डॉक्टरांनी शिकवलेले तोंडाचे व्यायाम करतात. परवा पोरानं मला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं. तिसरं बोट अर्धं जात होतं. पुढची तारीख येत्या सोमवारची आहे.