पडद्यावरची भातुकली

ठाणें, कल्याण, डोंबिवली येथील जुन्या घरांतून मुली भातुकली मांडीत, तेव्हां चुरमुऱ्यांचा भात होई आणि गुळाच्या पाण्याची आमटी. जिन्नस खोटे असत. परंतु स्वयंपाकाची रीत आईच्या हाताची असे. आतां भातुकली संगणकाच्या पडद्यावरही मांडली जाते. अमेरिकेंतील विल राइट यांनीं रचलेला ‘द सिम्स’ हा संसाराचा खेळ सन २००० मध्यें निघाला व त्याची चौथी आवृत्ति सन २०१४ मध्यें. त्यांतील माणसें घर थाटतात, नोकरी करतात व भूक लागली म्हणजे चुलीपाशीं जातात. मात्र मूळ खेळांतील पाककृति बव्हंशीं पाश्चात्त्य आहेत.

ही उणीव खेळणारेच भरून काढतात. ते नवे पदार्थ रचून खेळास जोडतात. अशा जोडकामास ‘मॉड’ म्हणतात. ठाण्याची मामलेदार मिसळ खेळांत आणावयाची झाल्यास प्रथम वाडग्याचा व फरसाणाचा आकार घडवावा लागेल, त्यावर रश्श्याचा लाल रंग चढवावा लागेल. मग नांव, किंमत व लागणारें पाककौशल्य ठरवावें लागेल. येथपर्यंत काम चिकाटीचें, पण साध्य आहे. खरी अडचण हातांच्या हालचालींची. त्या नव्यानें रचणें फार कष्टाचें. म्हणून बहुधा खेळांतील एखाद्या तयार पदार्थाचीच कृति उसनी घेतात. परिणामीं मिसळ मिसळीसारखी दिसते, पण ती करणारा हात परक्या सूपाची कढई ढवळीत असतो. मटकीला मोड आणणें नाहीं, शेवटीं वरून तर्री ओतणें नाहीं. आणि खाणारा पाव मोडून रश्श्यांत बुडवीत नाहीं, चमचाच चालवितो.

शिवाय खेळाची सुधारित प्रत आली कीं जोडकामें अनेकदां बिघडतात व पुन्हां दुरुस्त करावीं लागतात. हा खटाटोप बहुतेक हौसेचा असतो. प्रकाशकांनीं सन २०२२ मध्यें असें काम कायमचें पैशाच्या कुलुपांत ठेवूं नये, असा दंडकही घातला.

पदार्थाचें रूप टिकलें आणि रीत गेली, तर पुढील पिढी मिसळ ओळखील, पण तिला ती करतां येणार नाहीं. खेळांत प्रत्येक पदार्थास चार ओळींचें वर्णन जोडतां येतें. मटकी केव्हां भिजवावी, तर्री केव्हां ओतावी, हें घरांतील जाणत्या बाईस विचारून रचणाऱ्यानें तेथें लिहून ठेवावें.