एचआयव्ही आणि रक्तातला वारसा

सन्माननीय अध्यक्ष, पुण्या-मुंबईहून आलेले संशोधक, घाटी रुग्णालयातले डॉक्टर आणि समुपदेशक, आशाताई, आणि एचआयव्हीसह वर्षानुवर्षे उमेदीने जगणाऱ्या माझ्या भावाबहिणींनो, पैठण तालुक्यातल्या या पाचोडात आपले मनापासून स्वागत.

जनुकांवरची परिषद खेड्यात कशाला, असे काहींनी विचारले. गावाच्या आरोग्याचा अभ्यास पाचोडला नवा नाही. डॉ. अशोक दयालचंद आणि त्यांच्या इन्स्टिट्यूट ऑफ हेल्थ मॅनेजमेंटने कोवळ्या वयात लग्न झालेल्या मुलींसाठी इथूनच काम उभे केले. शिवाय तुमचा प्रश्न प्रयोगशाळेच्या आधी आमच्या घरांत विचारला गेला आहे. नवऱ्याला लागण आहे, बायकोला नाही, असे का? कुठे दोन माणसांना एकाच सुमारास लागण झाली. एक दोन-तीन वर्षांत खंगला, दुसरा गोळ्यांशिवाय पंधरा वर्षे रानात राबला, ते का? उत्तर मिळाले ते पापपुण्याचे. बाईच्या वाट्याला तर संशयच आला.

मोसंबीवाल्यांना हे लवकर उमजेल. शेजारच्या दोन बागांत डिंक्या रोग येतो. जंबेरी खुंटावरची झाडे जातात, रंगपूरवरची बरीचशी तग धरतात. फरक खुंटाच्या वारशाचा, त्यात झाडाचे ना पाप, ना पुण्य.

माणसातला असा एक वारसा १९९६ साली सापडला. एचआयव्ही पेशीत शिरताना सीसीआर-५ नावाच्या प्रथिनाचा आधार घेतो. त्याच्या जनुकातली ३२ अक्षरे आई आणि वडील दोघांकडूनही गळालेली आली, तर नेहमीच्या विषाणूला आत शिरता येत नाही. बर्लिनमध्ये २००७ साली एचआयव्हीची लागण असलेल्या टिमोथी रे ब्राउन यांना अशाच दात्याच्या मूळपेशी दिल्या गेल्या आणि ते एचआयव्हीमुक्त झाले. पण उत्तर युरोपात शंभरात साधारण एकाला लाभणारी ही देणगी आपल्या लोकांत जवळपास नाहीच.

आपल्यासाठी जास्त मोलाची आहेत ती एचएलए जनुके. पेशीत शिरलेल्या विषाणूचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर मांडायचे, म्हणजे मारक पेशी तिला ओळखून संपवतात, हे त्यांचे काम. एचएलए-बी ५७ किंवा बी २७ असणाऱ्यांत आजार बहुधा सावकाश पुढे सरकतो, बी ३५ च्या काही प्रकारांत झपाट्याने. गंमत पाहा, ज्या बी ५७:०१ मुळे विषाणूला आवर बसतो, त्याच्यामुळेच अबाकाविर या औषधाची जिवावर बेतणारी ॲलर्जी होऊ शकते. कोणताही वारसा निव्वळ चांगला किंवा निव्वळ वाईट नसतो, हे मला यातून फार पटते.

तरी जनुकांना सगळे श्रेय देऊ नका. युरोपीय वंशाच्या रुग्णांवरच्या २०१५ च्या अभ्यासात रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणात माणसामाणसांत दिसणाऱ्या फरकाचा सुमारे पाव भागच जनुकांनी उलगडला. आणि एकाला लागण, दुसऱ्याला नाही अशा जोडप्यांबद्दलची सर्वांत मोठी गोष्ट औषधाने सिद्ध केली. एचपीटीएन ०५२ या अभ्यासात नऊ देशांतली १७६३ जोडपी होती. त्यांत पुण्याची आणि चेन्नईचीही होती. लवकर उपचार सुरू केल्याने जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटली, हे २०११ साली जगाला कळले. या ज्ञानात मराठी घरांचा वाटा आहे, याचा मला अभिमान वाटतो. सरकारने एप्रिल २००४ पासून मोफत दिलेल्या गोळ्या कोणाचा वारसा कसा आहे हे पाहून काम करत नाहीत. त्या रोज घ्याव्या लागतात, एवढेच.

संशोधकांना माझी कळकळीची मागणी आहे. जगभरचा अभ्यास बहुतांशी युरोपीय रक्तावर आणि बी उपप्रकाराच्या विषाणूवर झाला. आपल्याकडे मुख्यतः सी उपप्रकार आहे. म्हणून मराठवाड्यातल्या माणसांचा अभ्यास करा. पण नमुना घेताना संमती मराठीत समजावून घ्या, २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने दिलेली गुप्तता काटेकोर पाळा, आणि निष्कर्ष त्याच माणसांना येऊन सांगा. जनुकांचा अहवाल हातात घेऊन कोणी मुलीचे लग्न मोडू नये, कोणाच्या जातकुळीवर बोट ठेवू नये, ही जबाबदारी तुमची आणि आम्हा गावकऱ्यांचीही आहे.

बोलायला संकोचणाऱ्या बहिणींसाठी शेजारच्या खोलीत समुपदेशक दिवसभर बसतील. अध्यक्षांना विनंती, त्यांनी परिषदेचे कामकाज सुरू करावे.