फळीवरची पावलं



आज संगीत, नृत्य आणि लोककलेच्या विद्यार्थ्यांना पदव्या मिळत आहेत. म्हणून या भाषणात उपदेशाऐवजी एका लोककलावंताची हकिकत सांगायची आहे. त्याचं नाव जॉन हार्टफर्ड. हा अमेरिकन वादक रंगमंचावर बहुधा एकटाच यायचा. अंगात जाकीट, डोक्यावर काळी गोल टोपी, हातात फिडल किंवा बँजो आणि पायाखाली प्लायवूडची एक फळी. फळीचा आवाज ध्वनिवर्धकातून सभागृहभर पोचायचा. तो एकाच वेळी वाजवायचा, गायचा आणि नाचायचा. साथीला ढोल नाही, डफ नाही. ठेका धरायचे त्याचे बूट. टाचेचा ठोका जाड, चवड्याचा बारीक आणि तळवा घासत नेला की नुसती सरसर. घुंगरांना सरावलेल्या मराठी कानाला हे आधी कोरडं वाटेल. मग हळूहळू कळतं की हा माणूस पायांनी तालवाद्य वाजवतो आहे.

हा नाच त्याने शोधून काढलेला नव्हे. अमेरिकेच्या पूर्वेकडच्या अ‍ॅपलाचियन डोंगराळ भागात तो 'क्लॉगिंग', 'फ्लॅटफूट', 'बक डान्स' अशा नावांनी पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. आयर्लंड, स्कॉटलंड, इंग्लंडहून आलेल्या लोकांनी आपली पावलं आणली, आणि त्यांत आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्यांची लय मिसळली. 1739 साली साउथ कॅरोलायनात गुलामांनी उठाव केला. पुढच्याच वर्षी तिथल्या कायद्याने त्यांना ढोल वाजवायला बंदी घातली. ढोल गेले, तेव्हा लोकांनी हात, मांड्या, छाती आणि पाय यांनाच ढोल केलं. त्या प्रकाराला 'जुबा' म्हणतात. लाकडी फळीवरच्या पावलांत करमणूक आहेच, पण त्या ठेक्यात हा इतिहासही वाजतो, आणि नाचणाऱ्याला तो ठाऊक असायला हवा.

हार्टफर्डचा जन्म 30 डिसेंबर 1937 चा, न्यूयॉर्कचा. वडील डॉक्टर. तो वाढला मात्र मिसिसिपीकाठच्या सेंट लुइस शहरात, आणि ती नदी त्याला आयुष्यभर सुटली नाही. त्याच्या शाळेतल्या रूथ फेरिस या शिक्षिकेला आगबोटींचं वेड होतं. 'गोल्डन ईगल' ही बोट 1947 साली बुडाली, तेव्हा तिची सुकाणूची खोली या बाईंनी मिळवली आणि शाळेच्या आवारात आणून ठेवली. मुलं त्या खोलीत खेळत. एका शिक्षिकेने अंगणात मांडलेल्या त्या खोलीतून एका मुलाचं अर्धं आयुष्य ठरलं. इथे बसलेल्या ज्या स्नातकांना उद्या शाळेत शिकवायचं आहे, त्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं.

बँजोचं वेड अर्ल स्क्रग्ज यांच्या वादनामुळे लागलं. पुढे सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात त्याने व्यावसायिक चित्रकलेचा अभ्यास केला, रेडिओवर निवेदकाचं काम केलं आणि 1965 साली तो नॅशव्हिलला गेला. त्याचं मूळ आडनाव हारफर्ड. त्यात 'ट' घातला तो तिथल्या ध्वनिमुद्रण कंपनीतल्या चेट अ‍ॅटकिन्स यांनी.

मग ते गाणं आलं. 'डॉक्टर झिवागो' चित्रपट पाहून घरी आल्यावर त्याने 'जेंटल ऑन माय माइंड' अर्ध्या तासाच्या आत लिहिलं. 1967 साली त्याने स्वतः ते गायलं. मग ग्लेन कॅम्बेलच्या आवाजात ते घरोघरी पोचलं. 1968 च्या ग्रॅमी सोहळ्यात हार्टफर्डला त्याच गाण्यासाठी दोन पुरस्कार मिळाले. एल्व्हिस प्रेस्ली, फ्रँक सिनात्रा, अरेथा फ्रँकलिन अशा शेकडो गायकांनी ते गायलं. रॉयल्टीचा ओघ सुरू झाला. नॅशव्हिलबाहेर दूरदर्शनच्या लोकप्रिय कार्यक्रमांत लेखन आणि वादन, मग एका गुप्तहेर मालिकेत नायकाची भूमिका, असं एकेक चालून आलं.

नायकाची भूमिका त्याने नाकारली आणि तो नॅशव्हिलला परतला.

परतून त्याने काय केलं, हा या हकिकतीचा गाभा. 1971 साली त्याने नॉर्मन ब्लेक, व्हॅसार क्लेमेंट्स, टट टेलर अशा वादकांसह 'एअरिओ-प्लेन' ही ध्वनिमुद्रिका काढली. खपाच्या हिशेबात ती पडली. पण जुन्या ब्लूग्रास संगीताला नवी वाट फोडणारी म्हणून जाणकार आज तिचंच नाव घेतात. उन्हाळ्यात तो 'जूलिया बेल स्वेन' या आगबोटीवर काम करी. बोट चालवण्याचा परवानाही त्याने रीतसर मिळवला होता. नदीवरच्या गाण्यांची 'मार्क ट्वँग' ही ध्वनिमुद्रिका 1976 ची. तिच्यात वादकांचा ताफा नाही. फक्त त्याचा आवाज, त्याची वाद्यं आणि फळीवरची त्याची पावलं. या एकट्या माणसाच्या ध्वनिमुद्रिकेलाही ग्रॅमी मिळालं. गाण्याच्या पैशाने त्याला पोटाच्या चिंतेतून मोकळं केलं होतं, आणि तो मोकळा वेळ त्याने नदी, फळी आणि जुन्या धुनांवर खर्च केला. मिळालेल्या यशाचा याहून चांगला उपयोग कुणी केल्याचं उदाहरण सापडणं कठीण.

उतारवयात तो पुन्हा विद्यार्थी झाला. एड हेली (1885–1951) हा केंटकीतल्या अ‍ॅशलंडचा अंध फिडलवादक. कचेऱ्यांच्या आवारात, जत्रांत, रस्त्याच्या कोपऱ्यावर वाजवून त्याने संसार चालवला. ध्वनिमुद्रण कंपन्या आपल्याला फसवतील या भीतीने तो त्यांच्यापासून लांब राहिला. त्याचं वादन उरलं ते मुलाने घरी मुद्रित केलेल्या तबकड्यांवर. हार्टफर्डने त्या खरखरत्या तबकड्या पुन्हापुन्हा ऐकल्या, हेलीच्या कुटुंबाला गाठलं, त्याच्या गावांतून फिरला आणि गज नेमका कसा वळत असेल याचा वर्षानुवर्षं माग काढला. 1998 साली त्याने हेलीला वाहिलेली ध्वनिमुद्रिका काढली. ग्रॅमीविजेता, नावाजलेला कलावंत साठीला टेकला असताना एका रस्त्यावरच्या वादकाचा शिष्य होतो, ही गोष्ट त्याच्या कोणत्याही पुरस्काराहून मोठी आहे.

याच काळात कर्करोगाने त्याला ग्रासलं होतं. तरीही मे 2000 मध्ये नॅशव्हिलच्या रायमन सभागृहात 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?' या चित्रपटाच्या संगीताची मैफल झाली, तेव्हा सूत्रसंचालन त्यानेच केलं. 4 जून 2001 रोजी तो गेला, वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी.

मागे राहिल्या वह्या. त्यांत त्याच्या वळणदार अक्षरात स्वतः रचलेल्या धुना होत्या, बहुतेक कुणी न ऐकलेल्या. त्यांतल्या 176 धुनांचं पुस्तक 2018 साली निघालं आणि 2020 साली नव्या पिढीच्या वादकांनी त्यांतल्या काही वाजवून ध्वनिमुद्रित केल्या.

मित्रांनो, तुमच्यापैकी अनेकांच्या गावात संबळ, दिमडी किंवा ढोलकी वाजवणारा एखादा वयस्कर माणूस असेल. त्याचे बोल आणि ठेके कोणत्याही वहीत नसतील. सुटीत घरी जाल तेव्हा वही घेऊन त्याच्याजवळ बसा, आणि तो वाजवील ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्या.