ऐकलेली बाग, सांगितलेले शिल्प

(न्यासाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा संपादित पाठ)



 चिटणीसांनी दूरध्वनीवरून व्याख्यानाचा विषय विचारला, तेव्हा मी ‘बागा आणि शिल्पे’ असे सांगितले. पलीकडे क्षणभर शांतता पसरली. एका अंध माणसाने बागांवर आणि शिल्पांवर काय बोलावे, हा प्रश्न त्यांनी सौजन्यापोटी विचारला नाही. पण मला तो ऐकू आला. आज त्या न विचारलेल्या प्रश्नाचेच उत्तर देण्याचा माझा प्रयत्न आहे.

मी जन्मांध नाही. दृष्टिपटलाच्या आनुवंशिक विकाराने विशीनंतर माझी नजर हळूहळू क्षीण होत गेली आणि तिसावे वर्ष सरता सरता प्रकाशही मावळला. नोकरी दूरध्वनीचालकाची होती, म्हणून ती टिकली. संसारही टिकला, कारण पत्नी धीराची होती. परंतु एक गोष्ट गेली असे मी मनाशी धरून बसलो होतो. ती म्हणजे बागेत फिरण्याचा आनंद. पाहता येत नसेल तर बागेत जायचे कशाला, असे मी एकदा चिडून म्हणालो. त्यावर ती एवढेच म्हणाली, “तुम्ही चला तर खरे. काय आहे ते मी सांगते.” त्यानंतर जवळजवळ सत्तावीस वर्षे आम्ही रोज सकाळी बागेत जात होतो.

बाग कानांना कशी दिसते, ते थोडक्यात सांगतो. प्रत्येक झाडाला स्वतःचा आवाज आहे. पिंपळाच्या पानांचे देठ लांब आणि लवचीक असल्यामुळे वाऱ्याची झुळूकही नसावी असे वाटते, तेव्हाही तो सळसळत असतो. सुरूच्या झाडातून वारा समुद्रासारखा घोंघावतो. बांबूचे बेट करकरते. दाट पानांच्या वडाखाली शिरले की रस्त्याचा गोंगाट एकदम दबतो, जणू कोणी दार लोटून घेतले. पायाखाली मुरूम, फरशी आणि वाळलेली पाने यांचे आवाज वेगवेगळे असतात. त्यांवरून वाट कोठे वळली ते कळते. भिंत जवळ आली की माझ्याच काठीचा आवाज परतून येतो. मोकळे मैदान आले की तो परतत नाही. पहाटे पारिजातक, संध्याकाळी रातराणी, आणि बकुळ तर फुले सुकल्यावरही. हे सुगंध म्हणजे माझ्या वाटेवरचे मैलाचे दगड होत. तांबट पक्ष्याची ठराविक लयीतली ‘टुक टुक’ एका उंबरावरून येई, आणि तो उंबर म्हणजे आमचे अर्धे अंतर संपल्याची खूण असे.

जॉन हल हे बर्मिंगहॅम विद्यापीठातील प्राध्यापक प्रौढ वयात अंध झाले. आपल्या अनुभवांचे त्यांचे पुस्तक १९९० साली प्रसिद्ध झाले. पावसाविषयी त्यांनी जे लिहिले आहे, ते आम्हां सर्वांचे आहे. एरवी जी वस्तू आवाज करीत नाही, ती आमच्यासाठी नसतेच. पण पाऊस सर्वांवर पडतो. पत्र्यावर, पानांवर, बाकावर, डबक्यावर त्याचा नाद निराळा होतो आणि समोरची सारी बाग एकाच वेळी आपल्या आकारांसह उभी राहते. डोळसांना पावसात बाग धूसर दिसते. आम्हांला ती त्याच वेळी सर्वांत स्पष्ट दिसते.

आपल्या शास्त्रांत इंद्रियांची गणना करताना स्पर्शन प्रथम आणि श्रोत्र शेवटी येते. चक्षू चौथ्या स्थानी आहे. वनस्पतीला तर एकच इंद्रिय, स्पर्श. झाडाच्या खोडावर मी हात ठेवतो, तेव्हा माझ्या मनात हेच असते की, याच्या-माझ्यात निदान एवढे तरी सामाईक आहे.

मात्र कान, नाक आणि हात यांनी सगळे कळते असे मी म्हणणार नाही. ते असत्य ठरेल. आकाशाचा रंग, तळ्यापलीकडची कमान, उंच चौथऱ्यावरचा पुतळा हे सारे शब्दांतूनच यावे लागते. आणि शब्द देणे हीही एक विद्या आहे. सुरुवातीला पत्नी म्हणे, “किती सुंदर फुलले आहे!” मला त्यातून फुलाऐवजी तिचा आनंद कळे. हळूहळू तिची पद्धत बसली. आधी काय आहे, मग केवढे आहे, मग कोठे आहे, मग कसे आहे. आणि ‘सुंदर’ हा शब्द सर्वांत शेवटी, तोही वाटल्यास. “डाव्या हाताला गुलमोहर, दुमजली घराएवढा. पान जवळजवळ नाही. खाली वर्तुळात पाकळ्या पडल्यात, सावलीच्या जागी.” एवढे ऐकले की सुंदर आहे हे मीच म्हणत असे.

पुढे समजले की जगात या विद्येचे शास्त्र झाले आहे. अमेरिकेत वॉशिंग्टन येथील ‘अरेना स्टेज’ या नाट्यगृहात १९८१ साली मार्गारेट फॅन्स्टील या दृष्टिहीन विदुषी आणि त्यांचे भावी पती कोडी यांनी अंध प्रेक्षकांसाठी नाटकाचे कानात वर्णन सांगण्याची पद्धत सुरू केली. आज ती चित्रपट, वस्तुसंग्रहालये आणि उद्याने यांपर्यंत पोहोचली आहे. तिचा मूळ नियम एकच : जे दिसते ते सांगा, निर्णय ऐकणाऱ्यावर सोडा. माझ्या पत्नीने हा नियम कोणत्याही पुस्तकात वाचला नव्हता.

२०१४ साली ती गेली. त्यानंतर वर्षभर मी बागेत पाऊल टाकले नाही. वाट पाठ होती, काठी होती. पण सांगणारे कोणी नव्हते. एका आषाढी सकाळी घरात बसून पावसाचा आवाज ऐकत असताना वाटले की आज बाग स्वतःच सांगत असेल. मी एकटाच गेलो. उंबराखाली उभा राहिलो. पाने, बाक, पत्र्याची शेड, सगळे जागच्या जागी होते. त्या दिवसापासून मी पुन्हा जाऊ लागलो.

पुण्याच्या सिंहगड रस्त्यावर पु. ल. देशपांडे उद्यान आहे. पुणे-ओकायामा मैत्रीचे ते प्रतीक असून जपानमधील ओकायामा शहरातील कोराकुएन या बागेच्या धर्तीवर ते रचलेले आहे. मूळ बाग १७०० साली पूर्ण झाली आणि जपानच्या तीन श्रेष्ठ बागांमध्ये तिची गणना होते. जपानी उद्यानकलेत ध्वनीला मानाचे स्थान आहे. पाणी भरले की कलंडून दगडावर आपटणारी बांबूची नळी असते. जमिनीत भांडे उलटे पुरून त्यात थेंब पडू देतात आणि तंतुवाद्यासारखा नाद उमटवतात. पण ओकायामाशी आम्हां अंधांचे नाते याहून जवळचे आहे. रेल्वे आणि मेट्रोच्या फलाटांवर उंचवट्यांच्या पिवळ्या फरश्या आपण पाहता. गोल ठिपके म्हणजे थांबा, लांब रेषा म्हणजे चला. या फरशीची कल्पना सेइइची मियाके या जपानी गृहस्थाने १९६५ साली काढली, दृष्टी गमावत चाललेल्या एका मित्रासाठी. आणि ती रस्त्यावर सर्वप्रथम बसवली गेली १८ मार्च १९६७ रोजी, ओकायामामध्येच, अंधशाळेजवळच्या चौकात. पुण्याच्या त्या बागेतून फिरताना वाहत्या पाण्याचा आवाज ऐकतो, तेव्हा मला राजाच्या उद्यानाबरोबर हा चौकही आठवतो.

आता शिल्पांविषयी. २०१८ साली मुलाकडे मुंबईस गेलो असता आम्ही काळा घोडा परिसरात गेलो. तेथे पूर्वी राजपुत्राचा अश्वारूढ पुतळा होता. १९६५ साली तो हलवून भायखळ्याच्या बागेत नेला, पण भागाचे नाव तेच राहिले. २०१७ साली तेथे नवा घोडा उभा राहिला. मुलाने सांगितले, “बाबा, काळ्या घोड्याचा मोठा पुतळा आहे. छान आहे.” मी मान डोलावली. तेवढ्यात आठ वर्षांची नात म्हणाली, “पण आजोबा, घोड्यावर कुणी बसलंच नाहीये!”

बंधु-भगिनींनो, त्या शिल्पाचा सारा अर्थ या एका वाक्यात होता. जुना घोडा राजपुत्राचा होता. नवा घोडा कोणाचाच नाही, म्हणून सर्वांचा आहे. मुलाने खोटे काही सांगितले नव्हते. पण त्याच्या वर्णनात शिल्प नव्हते. नातीच्या वर्णनात ते होते.

दुसरा अनुभव कडू आहे. गाव आणि जागा सांगत नाही. एका उद्यानात खुल्या जागेत ठेवलेले दगडी शिल्प मी हाताने चाचपत होतो. रखवालदाराची शिट्टी वाजली. “ओ काका, हात लावायचा नाही, पाटी दिसत नाही का?” मी म्हणालो, “नाही, दिसत नाही.” तो बिचारा ओशाळला. चूक त्याची नव्हती. शिल्प डोळ्यांसाठीच असते, हे आपण सर्वांनी न बोलता मान्य केले आहे, ती चूक आहे. इटलीतील अँकोना येथे आल्दो ग्रासीनी आणि दानिएला बोत्तेगोनी या अंध दांपत्याच्या प्रेरणेने १९९३ साली स्पर्शाचे संग्रहालय उभे राहिले. होमर या कवीच्या नावाने ते ओळखले जाते आणि तेथे शिल्पांना हात लावणे हीच रीत आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयानेही २०१५ साली ‘अनुभव’ हे स्पर्शदालन उघडले. आपल्या देशाच्या २०१६ च्या दिव्यांगजन हक्क अधिनियमातील कलम २९ सांस्कृतिक जीवन आणि मनोरंजन यांविषयी आहे आणि कला दिव्यांगांना उपलब्ध करून देण्याचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे ही केवळ दयेची बाब राहिलेली नाही.

काही कलाकृती तर केवळ कानांसाठीच घडल्या आहेत. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये मॅक्स न्यूहाउस या कलावंताने १९७७ साली पदपथाच्या जाळीखालून घंटेसारखा अखंड नाद सोडला. तेथे पाहण्यासारखे काही नाही. १९९२ साली बंद पडलेला तो नाद २००२ साली पुन्हा सुरू झाला. क्रोएशियातील झादार शहरात २००५ साली वास्तुकार निकोला बाशिच यांनी समुद्रकाठी पायऱ्या बांधल्या आणि त्यांखाली नळ्या बसवल्या. लाटा हवा ढकलतात आणि समुद्र पेटीसारखा वाजतो. त्या पायऱ्यांवर बसलेल्यांत डोळस कोण आणि अंध कोण, याला काही महत्त्व उरत नाही.

हे सर्व आज येथे सांगण्याचे कारण आहे. सुवर्णमहोत्सवानिमित्त न्यासाच्या आवारात छोटी बाग होणार असून तीत एकाच पात्रातून पाणी पिणाऱ्या गाय आणि सिंहिणीचे शिल्प बसणार आहे, असे मला चिटणीसांनी सांगितले. फार आनंद झाला. मी विचारले, “चौथरा केवढा?” ते म्हणाले, “सहा फूट, आणि भोवती कठडा.”

विश्वस्तहो, लहानपणी माझ्या डोळ्यांना हे चित्र दिसलेले आहे. वासरू सिंहिणीला लुचते आहे, छावा गायीला लुचतो आहे आणि दोघी माता माना खाली घालून एकाच भांड्यातले पाणी पीत आहेत. पण जन्मांध मुलाला कोणी एवढेच सांगितले की ‘गायीचे आणि सिंहिणीचे शिल्प आहे’, तर त्याला दोन प्राणी मिळतील, अहिंसा मिळणार नाही. वासरू कोणाकडे आहे, हे सांगितल्यावाचून त्या शिल्पात काय उरते?

म्हणून माझी नम्र विनंती अशी. चौथरा दोन फुटांचा करावा आणि कठडा वगळावा. वासरापर्यंत लहान मुलाचा हात पोहोचू द्यावा. फाटकापासून शिल्पापर्यंत ओकायामाची ती फरशी घालावी. वाटेच्या एका वळणावर बकुळ आणि दुसऱ्यावर पारिजातक लावावा. शिल्पाशेजारी ब्रेल आणि मराठी अक्षरांत वर्णनाचा फलक असावा, आणि त्यात ‘सुंदर’ हा शब्द नसला तरी चालेल. शेवटचे म्हणजे, गाय आणि सिंहीण ज्या पात्रातून पाणी पितात, त्या पात्रात खरोखरच पाण्याची बारीक धार पडत राहावी. तिच्या आवाजावरून आम्ही शिल्पापर्यंत आपले आपण येऊ.

या गोष्टींना फार खर्च येणार नाही. बाग झाल्यावर त्या करायच्या म्हटल्या तर मात्र तोडफोड करावी लागते. आज आराखड्यातच त्या घालता येतात.

आपल्या घरी, शेजारी, नात्यात कोणी नजर गमावलेले वडीलधारे असतील. त्यांना उद्या सकाळी बागेत न्या. हात धरून ओढू नका, आपला कोपर त्यांच्या हाती द्या. आणि काय आहे, केवढे आहे, कोठे आहे, कसे आहे, एवढे सांगत चला. सत्तावीस वर्षे मला कोणीतरी असे सांगत होते, म्हणून आज मी आपल्यासमोर बागांवर बोलू शकलो.