कापायची यंत्रे आणि आपण

(वर्धापनदिनी वाचलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली बाई. सभेत उभे राहून बोलण्याची ही माझी पहिलीच वेळ, तेव्हा चुकले तर सांभाळून घ्या. विषय कोणता घेऊ असे विचारले, तेव्हा अध्यक्षबाई म्हणाल्या, "तुम्हाला जे ठाऊक आहे तेच बोला." मला स्वयंपाक ठाऊक आहे, पण तो तुम्हा सर्वांनाच येतो. दुसरे ठाऊक आहे ते ग्राइंडर. हसू नका. मिक्सरचा ग्राइंडर नव्हे. लोखंड, फरशी, लाकूड कापायचा, हातात धरायचा ग्राइंडर.

आपल्या कोपरखैरण्यात सिडकोच्या बैठ्या घरांवर मजले चढू लागल्यापासून गल्लीत तो ओरडला नाही असा दिवस जात नाही. कुणाची खिडकीची जाळी, कुणाची मोरीची फरशी, कुणाचा ओटा. कामकरी आले की आपण चहा करतो, सामानावर चादर घालतो आणि मुलांना घेऊन दारात गंमत बघत उभ्या राहतो. ठिणग्या दिवाळीच्या फुलबाजीसारख्या उडतात ना! मीही अशीच उभी राहात असे.

माझे यजमान सुतारकाम करीत. 2016 साली एका ठिकाणी प्लायवूड कापायचे होते. लाकूड कापायचे मोठे यंत्र दुसरीकडे गेले होते आणि काम संध्याकाळपर्यंत हवे होते. मग चार इंची ग्राइंडरलाच दातेरी पाते लावले. ते पाते मोठे, गार्डात बसेना, म्हणून गार्ड काढला. दुसऱ्या हाताने धरायची बाजूची मूठ असते, ती अडचण करते म्हणून तीही काढली. उजव्या हातात यंत्र आणि डाव्या हाताने फळी दाबलेली. कापता कापता फळी वाकली, चीर मिटली, पाते तिच्यात अडकले आणि यंत्र उसळून मागे आले. डाव्या हाताची अंगठ्याजवळची दोन बोटे गेली. ते सांगतात, आधी दुखलेच नाही, फक्त आवाज बदलला.

त्यानंतरचे सांगते, ते नीट ऐका. सोबतच्या एका भल्या माणसाने धावत जाऊन टपरीवरून बर्फ आणला आणि बोटे पेल्यात बर्फावर टाकली. त्याच्या मनात चांगलेच होते. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, बर्फ थेट लागल्याने मांस करपले. नाहीतर जोडायचा प्रयत्न तरी करून पाहिला असता. तुटलेला भाग हलकेच धुवावा, स्वच्छ ओल्या फडक्यात गुंडाळावा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधावे आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. बर्फ पिशवीला लागावा, बोटाला नाही. जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात वर धरावा आणि 108 ला फोन करावा. एवढे त्या दिवशी कुणाला तरी ठाऊक असते तर, असे मला अजून रात्री वाटते.

ठेकेदार म्हणाला, गार्ड तुम्हीच काढलात. तेही खरेच होते, म्हणून आम्ही गप्प बसलो. पुढे एका जाणत्या गृहस्थांनी सांगितले की, 1923 च्या नुकसानभरपाईच्या कायद्याच्या तक्त्यात एका हाताची दोन बोटे गेली तर कमावण्याची शक्ती शंभरात 20 ने गेली असे धरत. शंभरात वीस! बसमध्ये त्यांना उजव्या हातात पिशवी घेऊन डाव्या हाताने दांडा धरता येत नाही, शर्टाचे गुंडे मी लावते, आणि रंधा पुन्हा हातात बसला नाही तो नाहीच. हे कोणत्या तक्त्यात बसते?

आता मुलगाही याच कामात आहे. मी नको म्हटले, पण पोट आहे. म्हणून त्याच्याकडून सगळे समजून घेतले. चार इंची ग्राइंडरचे पाते मिनिटाला सुमारे 11,000 फेरे घेते. त्याने हिशेब करून दाखवला की पात्याची कड तासाला दोनशे किलोमीटरच्या वेगाने पळते. आपली ठाणे-वाशी लोकलही एवढ्या वेगाने धावत नाही. चाक फुटले तर तुकडा त्याच वेगाने सुटतो, आणि समोर कोण? दारात उभी असलेली आपली मुले. चाकावर किती फेऱ्यांपर्यंत चालवावे ते छापलेले असते. पडलेले, तडा गेलेले, ओलाव्यात राहिलेले चाक वापरू नये. दातेरी पाते तर ग्राइंडरला लावूच नये. बटण बंद केल्यावरही चाक काही वेळ फिरत राहते. आणि चाक बदलायचे तर प्लग काढून, नुसते बटण बंद करून नव्हे.

एकदा मी हौसेने मुलाला सुती हातमोजे आणले. तो म्हणाला, "आई, लाकूड कापायच्या मोठ्या यंत्रावर सैल मोजे घालायचे नसतात, दोरा अडकला की हातच आत ओढला जातो." मी खजील झाले. पण मग आपल्या पदराचे काय, ओढणीचे, मोकळ्या वेणीचे, बांगड्यांचे काय? पिठाच्या गिरणीत पट्ट्याजवळ वाकून पीठ भरताना आपण किती बेफिकीर असतो! 1948 च्या कारखान्यांच्या कायद्यात फिरत्या यंत्राला कुंपण हवे, आणि ते चालवणारे चक्र-पट्टे फिरत असताना बाईला पुसायला लावू नये, असे लिहिले होते. ते कारखान्यासाठी. आपल्या मोरीत फरशी कापली जाते तिथे सांगणारे कोण? आपणच. मिस्त्री हसतो, "बाई, तुम्हाला काय कळते?" हसू दे. गार्ड आहे का, डोळ्यांना चष्मा आहे का, एवढे विचारायला शिक्षण लागत नाही. वायरची उघडी टोके काडेपेटीच्या काडीने बोर्डात खोचलेली दिसली, तर मी चहा देत नाही. फरशी कोरडी कापू देऊ नका, धुळा छातीत बसतो. पाणी टाकून कापतात ते यंत्र मागवा, आणि पाणी आले की विजेची जास्तच काळजी.

गेल्या खंडेनवमीला मुलाने आपली हत्यारे पाटावर मांडली. मी ताट घेऊन आले. करवतीला कुंकू लावले, पटाशीला लावले, आणि ग्राइंडरपाशी हात थांबला. त्याला गार्ड नव्हता. मुलगा म्हणाला, "उद्या बसवतो." मी ताट खाली ठेवले. अर्धा तास शोधाशोध झाली, गार्ड पलंगाखालच्या खोक्यात सापडला. मुलाने यंत्र धरले, यजमानांनी उजव्या हाताने पाना फिरवला. मग मी कुंकू लावले.

तेच यंत्र आज मुलाने बाहेरच्या टेबलावर आणून ठेवले आहे. प्लग काढलेला आहे. गार्ड कसा असतो, मूठ कुठे बसते, हे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी चहा झाल्यावर यावे.